गाडी रुतली की आधी ॲक्सिलरेटर सोडा, मग खोरं हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीजवळच्या एका किनाऱ्यावर कुटुंबाची छोटी हॅचबॅक कोरड्या वाळूत रुतली. अर्धा तास रेस देऊन झाली, क्लच जळाल्याचा वास यायला लागला, आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढताना पुढचा बंपरच हातात आला. आता विचारणा तीन गोष्टींची आहे: तेव्हा नेमकं काय करायला हवं होतं, पावसाळ्यात परभणीकडे गावी जाताना काळ्या मातीत हेच झालं तर काय करायचं, आणि पुढची गाडी फोर बाय फोर घ्यावी का.

मी याच किनारपट्टीवर गॅरेज चालवतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत रुतलेल्या गाड्या काढायला जाणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. सासुरवाडी परभणी जिल्ह्यातली, त्यामुळे काळ्या मातीशीही चांगली ओळख आहे. माझं सांगणं एकच आहे: गाडीचं नुकसान रुतल्यामुळे क्वचितच होतं. रुतल्यानंतर माणसं घाईने जे करतात, त्यामुळे होतं.

चाक जागेवर फिरलं आणि गाडी सरकली नाही, की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडायचा. साध्या गाडीत इंजिनाची ताकद डिफरन्शियलमधून, म्हणजे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचातून, दोन चाकांकडे जाते आणि ज्या चाकाला अडथळा कमी ते फिरत सुटतं. डावं चाक मोकळ्या वाळूत असेल तर तेच गरगरणार, उजवं घट्ट जागेवर असूनही ढिम्म राहणार. फिरणारं चाक वाळू मागे फेकत स्वतःखाली खड्डा खणतं. दहा-पंधरा सेकंदांत गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि इथेच सगळं बदलतं, कारण मग गाडीचं वजन चाकांवर राहत नाही, पोटावर येतं. वजन नसलेल्या चाकाला पकड कुठून येणार? पोट टेकायच्या आधी थांबलात तर काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. टेकल्यावर तासाभराचं होतं, आणि तोवर समुद्र थांबत नाही.

म्हणून गाडीतून उतरल्यावर पहिली नजर चाकाकडे नाही, पाण्याकडे टाकायची.

भरती चढतेय की उतरतेय हे ठाऊक नसेल तर गाडीपाशी जी माणसं आहेत त्यांना विचारा. आमच्याकडचे जुने कोळी तिथीवरून हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मिनिटाचा काटा यात धरू नका, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण निर्णय घ्यायला एवढं पुरतं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती असते, पाणी जास्त वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

भरती सहा तास एकाच वेगाने चढत नाही, हे फार थोड्या पाहुण्यांना माहीत असतं. पहिल्या तासात ती जेमतेम सरकते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मी चढते. आमचे किनारे सपाट आहेत. पन्नासाला एक असा उतार धरला तर पाणी एक मीटर उंच चढताना लाट पन्नास मीटर आत येते. ‘पाणी तर लांब आहे’ म्हणत लोक निवांत फोन लावत बसतात आणि तासाभरात लाट चाकाला लागते. लाट चाकाला लागली की पाणी परत जाताना टायरभोवतीची वाळू घेऊन जातं आणि गाडी प्रत्येक लाटेगणिक आपोआप खाली बसते, इंजिन बंद असलं तरी.

भरती चढती असेल आणि पाणी तासाभराच्या अंतरावर असेल, तर मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी वर पाठवा, कागदपत्रं काढून घ्या आणि लगेच ट्रॅक्टर बोलवा. त्याची वाट पाहत असताना खाली सांगितलेलं काम सुरू करायचं. ओहोटी लागली असेल तर तुमच्याकडे भरपूर वेळ आहे, शांतपणे काम करा.

आता प्रत्यक्ष काम. सगळे उतरले, डिकीतलं सामान बाहेर काढलं. गाडी कुठल्या बाजूने काढायची हे ठरवा. बहुतेक वेळा उत्तर ‘आलो तसंच मागे’ असं असतं, कारण येताना चाकांनी ती वाळू दाबून ठेवलेली असते. स्टिअरिंग अगदी सरळ करा. वळलेलं पुढचं चाक वाळूत फाळासारखं आडवं घुसतं. गाडीत बसून ते सरळ वाटतं, म्हणून खाली उतरून डोळ्यांनी पाहा.

मग खोरं. खोरं नसेल तर ताटली, नारळाची करवंटी, हात, जे असेल ते. ज्या दिशेने जायचं त्या बाजूने प्रत्येक चाकासमोर हळूहळू वर चढणारा उतार खणायचा, निदान हात-दीड हात लांब. लोक चाकापाशी उभा खड्डा खणतात आणि चाकाला पुन्हा भिंतच चढावी लागते. चारही चाकांचं करा. नुसती पुढची दोन मोकळी करून मागची रुतलेली ठेवली तर तीच नांगरासारखी अडतात. त्यानंतर पोटाखालची वाळू. पालथं पडून बघा: इंजिनाखालचं आवरण, सायलेन्सर, मागचा ॲक्सल, कुठे टेकलंय? तिथली वाळू लांब काठीने किंवा खोऱ्याने ओढून काढा. गाडीखाली डोकं किंवा खांदा घालू नका, वाळू सरकली की गाडी बसते. गाडी खालून आरपार दिसायला लागली की अर्धं काम झालं.

तिसरी गोष्ट टायरची हवा, आणि माझ्या मते वाळूत सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. रस्त्यावर तुमच्या गाडीत ३० ते ३५ पीएसआय हवा असते. ती १६ ते १८ वर आणा. टायर खालून पसरतो, त्याचा ठसा मुख्यतः लांबीला वाढतो आणि तेवढंच वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. व्हॉल्व्हची टोपी काढून किल्लीच्या टोकाने पिन दाबली की हवा सुटते. मोजायला गेज हवा, अंदाजावर जाऊ नका. मोठ्या अलॉयवरचे पातळ काठाचे टायर असतील तर २० च्या खाली जाऊ नका, रिम वाकते. कुठल्याच साध्या टायरला १२-१३ च्या खाली नेऊ नका, टायर रिमवरून निसटतो. कमी हवेत वळण सावकाश घ्यायचं, वेग २०-२५ च्या आत ठेवायचा, आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा परत भरायची. सिगारेट लायटरला लागणारा छोटा कॉम्प्रेसर यासाठी गाडीत हवाच.

चाकाखाली घालायला किनाऱ्यावर काय मिळतं? सुरूच्या फांद्या, माडाच्या झावळ्या, विणलेले झाप, गोणपाट. झावळ्या चाकाच्या वाटेवर आडव्या टाका, म्हणजे मधला दांडा शिडीच्या पायरीसारखा पकड देतो. गाडीतल्या रबरी मॅटही चालतात, उलट्या घातल्या तर जास्त. पण चाक फिरलं की या वस्तू सुसाट बाहेर उडतात, म्हणून चाकाच्या पुढे-मागे रेषेत कोणीही उभं राहू नये. आणि वाळलेल्या फांद्या, सुकं गवत, पेंढा सायलेन्सरखाली साठू देऊ नका. बराच वेळ रेस दिलेल्या गाडीचा सायलेन्सर इतका तापलेला असतो की गवत पेट घेऊ शकतं.

चाक फारच खोल असेल तर जॅक. वाळूत जॅक स्वतःच आत जातो, म्हणून त्याखाली जांभ्याचा चिरा किंवा जाड फळी ठेवा. चाक उचलून खालचा खड्डा दगड-फांद्यांनी भरा, दाबा, मग गाडी खाली सोडा. जॅकवर असलेल्या गाडीजवळ मुलं नकोत.

हे सगळं झाल्यावर इंजिन चालू. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर बंद करा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेलं बटण काही सेकंद दाबून धरायचं. चाक जरा घसरलं की ही यंत्रणा इंजिनाची ताकद कापते. रस्त्यावर ती जीव वाचवते, वाळूत मात्र गाडीला जागेवरच मारून टाकते. मागे जायचं असेल तर रिव्हर्स, पुढे जायचं असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये हलकी सुरुवात. क्लच पटकन पूर्ण सोडा, अर्धा दाबून धरून रेस देऊ नका, वास येतो तो त्याचाच. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ लावा, आणि डी वरून आर वर जाताना चाक पूर्ण थांबू द्या. दोन-तीन प्रयत्नांनंतर गिअरबॉक्सला दहा मिनिटं विश्रांती. गाडी सुटली की मध्ये थांबायचं नाही, कडक जमीन येईपर्यंत तोच वेग, तीच सरळ रेषा. कोणाला बसवून घ्यायला लोक मध्येच थांबतात आणि पुन्हा रुततात.

बोलेरो, ईको, जुनी सुमो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक युक्ती चालते: हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हळू रेस द्या. फिरत्या चाकाला ब्रेकचा अडथळा आला की डिफरन्शियल थोडी ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, तिथे याचा उपयोग शून्य.

आता तुमच्या बंपरकडे येतो. तो ट्रॅक्टरमुळे तुटला नाही, दोर चुकीच्या जागी बांधल्यामुळे तुटला. बंपर म्हणजे प्लास्टिकचं आवरण. त्यातच एक छोटं चौकोनी झाकण असतं, ते काढलं की आटे असलेलं भोक दिसतं. डिकीत जॅक आणि पान्याबरोबर एक लोखंडी कडी ठेवलेली असते, ती त्या भोकात पूर्ण आत जाईपर्यंत पान्याने आवळायची. काही गाड्यांत आटे उलटे असतात, हे आधी घरी करून पाहा. किनाऱ्यावर अंधारात ही कडी शोधणारी माणसं मी नेहमी बघतो. दोर फक्त तिथेच किंवा चॅसिसच्या गाडीत चॅसिसच्या हुकाला लावायचा. सस्पेन्शनचा आर्म, स्टिअरिंगचा रॉड, ॲक्सल, यांना कधीही नाही.

ती कडी रस्त्यावरची बंद गाडी ओढायला बनवलेली आहे, झटके सोसायला नाही. म्हणून ट्रॅक्टर आला तरी खणण्याचं काम सोडायचं नाही. मोकळी केलेली गाडी ट्रॅक्टर चालत्या वेगाने सहज काढतो. न खणता ओढली की ट्रॅक्टरवाला झटका देतो, आणि मग काहीतरी तुटतंच. दोर आठ-दहा मीटर लांब घ्या, म्हणजे ट्रॅक्टर कडक जमिनीवर उभा राहील. तो गाडीच्या सरळ रेषेत असावा, तिरक्या ओढीने कडी वाकते. ट्रॅक्टरला दोर खालच्या हुकाला बांधायचा, वर बांधला तर त्याचं पुढचं तोंड उचललं जातं आणि तो मागे उलटू शकतो. यात माणसं मेलेली आहेत.

तारेचा दोर मी वापरू देत नाही. ताणलेला तारेचा दोर तुटला तर सुटं टोक कुठे जाईल सांगता येत नाही. मासेमारीच्या जाड नायलॉन दोराला थोडी लवचीकता असते, तो बरा, पण तोही तुटतो. मधोमध ओलं गोणपाट किंवा जड चटई टाकून ठेवा, दोर तुटलाच तर तो खाली बसतो. दोन पट्टे जोडायचे असतील तर लोखंडी शॅकलने (आडव्या पिनने बंद होणाऱ्या कडीने) जोडू नका, पट्टा तुटला तर ती शॅकल गोळीसारखी सुटते. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीच्या पलीकडे पाठवा. व्हिडिओ काढणारे सगळ्यात जवळ येतात, त्यांना स्पष्ट सांगा. मदत करणाऱ्याला पैसे किती द्यायचे ते आधी ठरवा, म्हणजे नंतर वाद होत नाही आणि तोही घाई न करता काम करतो.

लाटेचं पाणी इंजिनाच्या हवेच्या तोंडापर्यंत गेलं असेल किंवा गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि ओढून न्या. साध्या विमा पॉलिसीत पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर लागतं. पाणी फक्त चाकांपर्यंत आलं असेल तरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून गाडी धुवा आणि ब्रेक तपासून घ्या. ड्रममध्ये वाळू राहिली तर आठवडाभर किरकिर आवाज येतो आणि लायनर झिजतात.

काळ्या मातीत गणित वेगळं आहे. ही माती बेसाल्टपासून बनलेली, पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. माती चाकाच्या वरच्या कमानीत साठून चाकच अडवते. इथे हवा कमी करून वाळूइतका फायदा होत नाही. काठी किंवा खुरपं घेऊन खाचा आणि कमान साफ करा, हे कंटाळवाणं आहे पण त्याशिवाय पुढचं काही चालत नाही. मग चाकाखाली कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, दगड, मुरूम. उसाचं पाचट ओलं असेल तर चालतं. पाचट वाळलेलं असेल तर सायलेन्सरची गोष्ट लक्षात ठेवा. चिखलात खाली घट्ट थर बहुधा असतो, चाकाला तिथपर्यंत दगडांचा आधार द्यायचा. पहिला गिअर आणि रिव्हर्स असं आलटून पालटून गाडीला हलकेच झोके देणं इथे उपयोगी पडतं, पण प्रत्येक झोक्यात गाडी जास्त सरकत असेल तरच. सरकणं थांबलं की थांबा.

पांदणीतून, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेने, जायचं असेल तर गावातल्या माणसाला विचारा, कालच्या पावसानंतर कोणाचा ट्रॅक्टर गेला का. ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांत छोटी गाडी घालू नका, पोट मधल्या वरंब्यावर बसतं. आणि घाई नसेल तर वाफसा येऊ द्या, म्हणजे माती जरा सुकू द्या. उघडीप मिळून कडक ऊन पडलं की एक-दोन दिवसांत जी वाट चालू होते, तिच्यावर रात्रीच्या पावसात अख्खं कुटुंब अडकवण्यात काही अर्थ नाही. गाडी मुख्य रस्त्याला लावा आणि गावातून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर बोलवा.

राहिला फोर बाय फोरचा प्रश्न. वर्षातून दोनदा गावाला आणि दोनदा कोकणात जाण्यासाठी घेऊ नका. चार चाकं फिरतात म्हणून गाडी जास्त आत जाते, आणि मग ती जास्त खोल, जास्त लांब रुतते. आम्ही काढतो त्यात मोठ्या एसयूव्ही भरपूर असतात, आणि दोन टनांची गाडी काढणं हॅचबॅकपेक्षा कितीतरी अवघड. किनाऱ्यावर चालवण्यासाठी घ्यायचा विचार असेल तर तो सोडाच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेली तर पोलीस गुन्हा दाखल करतात, आमच्याकडेही आता कारवाई होते. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. टायरच्या चरात पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही, आणि घरटं वरून ओळखू येत नाही.

त्यापेक्षा डिकीत या वस्तू ठेवा: दुमडणारं छोटं खोरं, हवेचं गेज आणि कॉम्प्रेसर, हातभर लांबीच्या दोन जाड फळ्या, गाडीच्या वजनाच्या निदान दुप्पट ताकदीचा पट्टा, जाड हातमोजे, डोक्याला लावायची बॅटरी. ओढायची कडी जागेवर आहे का ते आजच पाहा. जुनी गाडी घेतली असेल तर ती बहुतेक वेळा हरवलेली असते, कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात मॉडेल सांगून मिळते.